मदत हवी आहे : ऑस्ट्रेलियाचा पीआर (कायम राहण्याचा परवाना), चाळिशीच्या आत जमेल का?

नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकल इंजिनिअर, नोकरी चाकणला, घर चिंचवडमध्ये. बायको आणि तिसरीतल्या मुलीसह कायमचं जायचा विचार आहे. व्हिसा गुणांवर मिळतो आणि अडचण वयाची. ३९ पर्यंत २५ गुण, चाळिशी लागली की १५. आणि वय धरतात ते इन्व्हिटेशन (व्हिसाला अर्ज करायचं बोलावणं) येतं त्या दिवशीचं. माझा वाढदिवस दिवाळीनंतर. किमान ६५ गुण लागतात म्हणे, पण तेवढ्यावर १८९ (थेट कायमचा व्हिसा) मिळेल अशा भ्रमात मी नाही.

पदवी पुणे विद्यापीठाची, जुनी, वॉशिंग्टन अ‍ॅकॉर्डमध्ये (इंजिनिअरिंग पदव्यांना देशोदेशी मान्यता देणारा करार) न बसणारी. म्हणजे इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया या पात्रता तपासणाऱ्या संस्थेला सीडीआर, म्हणजे आपल्या कौशल्याचा अहवाल द्यायचा, त्यात तीन करिअर एपिसोड (स्वतः केलेल्या एकेका कामाचं वर्णन). डेक्कनवरचा एक एजंट ‘तयार देतो, फक्त नाव बदला’ म्हणाला. नको रे बाबा, चोरी पकडली तर बंदी घालतात.

खरा प्रश्न बायकोचा. ती सिव्हिल इंजिनिअर, पण मुलीच्या जन्मानंतर नोकरी नाही. तिचंही असेसमेंट (हीच पात्रता-तपासणी) आणि इंग्रजीची परीक्षा झाली तर १० गुण, नुसत्या इंग्रजीचे ५. कॉलेजच्या प्रोजेक्टवर एपिसोड लिहून कुणाचं पॉझिटिव्ह आलंय का? की त्या पैशात मीच पुन्हा पीटीई ही इंग्रजीची परीक्षा देऊन गुण वाढवू?

दुसरं, ४९१ या ‘रीजनल’ (ठरावीक भागांतच राहायच्या) व्हिसाचे जादा १५ गुण मोहात पाडतात. पर्थ, अ‍ॅडलेडही त्यात ‘रीजनल’ धरतात, पण व्हिसा तात्पुरता, कायमच्या १९१ व्हिसासाठी निदान तीन वर्षं थांबायचं. मुलांसह या वाटेने गेलेल्यांनी शाळेच्या फीबद्दल जरूर सांगा, राज्यागणिक नियम वेगळे दिसतात.