प्रश्न ठरवतानाच रुग्ण हवेत

संशोधनाचे प्रश्न ठरवतानाच रुग्णांना सोबत घ्या म्हटलं, की ‘रुग्णांना संशोधनातलं काय कळणार?’ अशी शंका येते. त्यावर संधिवाताचं उदाहरण देतो. औषधांच्या चाचण्यांत सुजलेले सांधे मोजायचे, वेदना विचारायच्या. थकव्याला मात्र मुख्य मोजमापांत जागाच नव्हती. ही मोजमापं ठरवणाऱ्या ‘ओमरॅक्ट’ या आंतरराष्ट्रीय गटाने २००२ साली रुग्णांना परिषदेत सहभागी करून घेतलं, तेव्हा त्यांनी थकव्याचा मुद्दा लावून धरला. झोपूनही न जाणारा शीण, सकाळी उठतानाच अंगात त्राण नसणं. पुढे शक्य तिथे थकवाही मोजावा, अशी शिफारस झाली. संमतीपत्रावर सही घ्यायला रुग्णांना सगळेच बोलावतात हो. संशोधनाचा आराखडा कच्चा असतानाच बोलवा. आणि तज्ज्ञांना देता तसं त्यांनाही मानधन द्या, नुसत्या प्रवासखर्चावर भागवू नका.