'एकत्रित अनुभव १२० वर्षे': पण सर्व्हेला येतं कोण?

रॅकबाहेर
परवा एकाने इथे लिहिलं की आयटी-टेलिकॉम सल्लागार नेमताना दर बघू नका, संचालक मंडळ बघा. ज्यांच्याकडे मिळून १२० वर्षांचा अनुभव आहे त्यांच्या हाती नेटवर्क द्या आणि निर्धास्त झोपा. तिथे दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून हा धागा.

आधी ते 'मिळून' बाजूला ठेवू. चौघांची तीस-तीस वर्षं, त्यातली बरीचशी एकाच खात्यात, एकाच इमारतीत. तीच तीस वर्षं चारदा मोजली की १२० होतात. आणि हे चौघे प्रस्तावाच्या पहिल्या पानावर असतात, सादरीकरणाला कोट घालून येतात. ऑर्डर निघाली की जागेच्या सर्व्हेला येतो दोन वर्षांपूर्वी पास झालेला मुलगा, हातात विक्रेत्याने दिलेली यादी.

उदाहरण घ्या, पीआरआयवरून (एका वेळी ३० कॉल नेणारी जुनी डिजिटल लाइन) एसआयपी ट्रंकवर (तेच कॉल डेटा लिंकवरून) जायचं. यादीत 'पीआरआय: १' असं असतं, पोरगा '३० चॅनेल' लिहून मोकळा. गर्दीच्या तासाचे सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदी, कोणी मागत नाही. एक टक्का कॉल अडले तरी चालतील असं धरलं तर ३० चॅनेल साधारण २० अर्लांग (फोनवरचा भार मोजायचं एकक) पेलतात, म्हणजे तीन-तीन मिनिटांचे तासाला चारशेच्या आसपास कॉल. शाळेला हे भरपूर, रुग्णालयाच्या अपॉइंटमेंट डेस्कला सोमवारी सकाळी अपुरं. बँडविड्थचंही तेच. जी.७११ (आवाज डिजिटल करायची नेहमीची पद्धत) म्हटलं की कॉलमागे ६४ केबीपीएस धरतात, हेडरसकट इथरनेटवर ८७ जातात हे विसरतात.

सगळ्यात वाईट म्हणजे सुट्या अ‍ॅनालॉग लाइनी. लिफ्टमधला फोन, फायर पॅनेलचा ऑटोडायलर, अकाउंट्सचा फॅक्स. कट-ओव्हरच्या, म्हणजे जुनं बंद करून नवं चालू करायच्या रात्री एमडीएफवरची (इमारतीतल्या फोनतारांची मुख्य चौकट) तारांची जुनी जोडी उपटली की हे एकेक मरतात, आणि लिफ्टचा फोन मेलाय हे कळतं कुणीतरी आत अडकल्यावर. निदान पंधरा दिवस आधी प्रत्येक नंबरचं बिल गोळा करायचं, क्रोन पट्टीवर (तारा खोचायची पट्टी) प्रत्येक जोडीला टेस्ट हँडसेट लावून डायल टोन ऐकायचा, पलीकडे काय आहे ते पाहून लेबल लावायचं. कंटाळवाणं काम आहे. १२० वर्षांपैकी एकही वर्ष त्यासाठी खाली वाकत नाही.

जुनाखांब
ही जी यादी तुम्ही धडाधड वाचलीत ती कुणा नवशिक्याने बनवली काय? नेतृत्वाचं काम क्रोन पट्टी तपासणं नाही, काय तपासायचं ते ठरवणं आहे.

टीसीएस १९६८ ची. तिला आकार दिला फकिरचंद कोहलींनी, ते आले टाटा इलेक्ट्रिकमधून. वीज वितरणाचं नियंत्रण संगणकावर आणण्याचा अनुभव गाठीशी होता. सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था १९८४ ची. सॅम पित्रोदांच्या त्या चमूने १२८ पोर्टचं ग्रामीण एक्स्चेंज केलं ते वातानुकूलनाशिवाय चालेल असं, कारण खेड्यात एसी आणि अखंड वीज दोन्ही नाही हे आधीच धरलं होतं. १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला पहिलं बसलं. असा निर्णय सर्व्हेच्या फॉर्ममधून येत नाही.

साधी गोष्ट सांगतो. दोन वेगळ्या कंपन्यांच्या लिंक घेतल्या की ग्राहक म्हणतो रिडंडन्सी झाली, एक तुटली तरी दुसरी आहे. अनुभवी माणूस दोघांकडून मार्गाची केएमझेड फाइल (केबलचा मार्ग दाखवणारा डिजिटल नकाशा) मागतो आणि एकावर एक ठेवतो. दहातल्या सहा ठिकाणी शेवटचे काही शे मीटर जमिनीखालच्या एकाच डक्टमधून (केबलची नळी) येतात.

रॅकबाहेर
दहातल्या सहा कुठून आणलेत? असो. कोहली दुसऱ्या क्षेत्रातून आले हे तुम्हीच सांगितलंत, म्हणजे 'याच क्षेत्रातली तीस वर्षं' हा निकष तुमच्याच उदाहरणाने पडला. आभार.

आणि अनुभव नासतोही. कॉल सेंटर-बीपीओंना लागणारी दूरसंचार खात्याची ओएसपी नोंदणी नोव्हेंबर २०२० मध्ये गेली. जून २०२१ मध्ये देशी-परदेशी ओएसपी हा भेदही गेला, ईपीएबीएक्स (कार्यालयाचं स्वतःचं फोन एक्स्चेंज) कुठेही ठेवायची मुभा आली. तरी ज्येष्ठांच्या डिझाइनमध्ये कॉल सेंटरसाठी दोन स्वतंत्र ईपीएबीएक्स अजून येतात. का, तर 'आम्ही नेहमी असंच करतो'. ग्राहक दुप्पट परवाने भरतो.

जुनाखांब
टोल बायपासवर, म्हणजे परवानाधारक कंपनीला वगळून खाजगी लिंकवरून दूरचे कॉल नेण्यावर, बंदी आजही आहे. नोंदणी गेली म्हणजे सगळं मोकळं, असं समजणारे तरुणच आधी गोत्यात येतात. अर्धी माहिती मिरवू नका.

खड्डेपुराण
डक्टचा विषय निघालाच आहे तर ऐका. केबल १.६५ मीटर खोल टाकायची हा नियम. प्रत्यक्षात कित्येक रस्त्यांवर जेसीबीचा पहिलाच घास केबलसकट येतो. आणि केएमझेडवर काय विश्वास ठेवता? ती विक्री विभागाने गूगलच्या नकाशावर ओढलेली रेघ असते. छोटे आयएसपी (इंटरनेट कंपन्या) शेवटचा टप्पा मोठ्याकडूनच भाड्याने घेतात, कागदावर नाव वेगळं, फायबरची काच तीच.

खात्री करायची तर दोन्ही फायबरवर ओटीडीआर (प्रकाश सोडून कुठल्या अंतरावर जोड वा दोष आहे ते दाखवणारं यंत्र) मारा, मधे लाँच केबल लावून. दोन्ही ट्रेसमध्ये ४१० मीटरला स्प्लाइस (जोड), १,२६० ला स्प्लाइस, १,९०० ला बेंड (वाक), असं जुळत गेलं तर केबल एकच. १५५० नॅनोमीटरवर तोटा जास्त आणि १३१० वर कमी दिसला तर तो बेंड, दोन्ही तरंगलांबींवर सारखा दिसला तर स्प्लाइस. दहा मिनिटांचं काम आहे. करतं कोण?

रात्रपाळी
दहा मिनिटांत पलीकडचा एसएफपी (उपकरणात फायबर लावायचं मॉड्यूल) जाळाल! चालू लिंकवर असा ओटीडीआर मारत नाहीत. आधी दुसरं टोक उपकरणातून काढायला लावा, नाहीतर फिल्टर असलेला १६५० नॅनोमीटरचा वापरा. शिवाय मधे पहिलं मक्स (अनेक सिग्नल एकत्र करणारं उपकरण) किंवा स्विच आलं की ट्रेस तिथेच संपतो, पुढे मार्ग एक आहे की दोन ते कळत नाही. आणि फायबर आयएसपीचा, तो तुम्हाला हात लावू देणार का?

त्यापेक्षा दुसरी लिंक गच्चीवरून रेडिओने घ्या. फक्त ई-बँड (फार उंच वारंवारितेचा पट्टा) नको, मुंबईच्या जुलैत तो मान टाकतो. ५ गिगाहर्ट्झला पाऊस फारसा लागत नाही, इतर रेडिओंची गर्दी लागते.

खड्डेपुराण
गच्ची! सोसायटीची परवानगी, मास्टचं अर्थिंग, समोर उभा राहणारा टॉवर हे तुम्ही बघणार का? खोदाईला पावसाळ्यात परवानगी नाही, दिवाळीनंतर नव्या डांबराला हात लावू देत नाहीत, मग मार्चमध्ये सगळे एकदम त्याच चरात केबल टाकतात. मूळ रोग तिथे आहे, सल्लागार कोणीही असो.

रॅकबाहेर
धागा सल्लागारांच्या नेतृत्वावर होता. चरात पडला.

बीओक्यू
मग वर काढतो. तुम्ही सगळे डेटा लिंकवर भांडताय, पण आपल्याकडे एसआयपी ट्रंक बहुतेकदा ऑपरेटरच्या स्वतःच्या लिंकवरच येते. ती लिंक तुटली की दुसऱ्या कंपनीचं इंटरनेट ठणठणीत असूनही आवाज बंद. डॅशबोर्ड हिरवा, फोन मेलेले. व्हॉइससाठी वेगळ्या ऑपरेटरची दुसरी ट्रंक हवी, किंवा लिंक पडल्यावर मुख्य नंबर कुठे वळवायचा ते ऑपरेटरकडून लेखी घेऊन ठेवलेलं हवं.

नेतृत्वाबद्दल म्हणाल तर वाद निविदेतच मिटतो. तांत्रिक गुण संचालकांच्या बायोडेटाला देऊ नका. सर्व्हे करणारा आणि कट-ओव्हरच्या रात्री रॅकपाशी उभा राहणारा यांना मुलाखतीला बोलवा, गुण त्यांना. ज्येष्ठ हवाच असेल तर त्याचे तास बीओक्यूमध्ये (निविदेतली कामं, नग आणि दर यांची यादी) वेगळी ओळ करून लिहा, बदली माणूस तुमच्या संमतीशिवाय नाही. मार्गाचा नकाशा आणि रोलबॅकची (बिघडलं तर जुन्यावर परतायची) योजना यांवर त्याची सही. बिलाचे शेवटचे २० टक्के फेलओव्हर चाचणीनंतर (एक लिंक तोडली की काम दुसरीवर जातं का ते बघून), आणि चाचणी रात्री दोनला नाही. कामाच्या दिवशी अकराला केबल ओढायची आणि किती चालू कॉल तुटले ते मोजायचं.

जुनाखांब
अकराला केबल ओढू देणारा ग्राहक मला दाखवा, मी त्याला हार घालीन. सहीचं मान्य. तासांची ओळही ठीक, कारण मग तरी लोकांना कळेल की ज्येष्ठाचा तास फुकट नसतो.

रॅकबाहेर
फुकट कोण मागतंय? आत्ता पैसे ज्येष्ठाचे घेतात आणि पाठवतात पोराला.

रात्रपाळी
पोरगा पोरगा काय लावलंय? रात्री एकतर्फी आवाज आला की राउटरमधलं एसआयपी एएलजी (कॉलच्या पॅकेटमध्ये ढवळाढवळ करणारी सोय) बंद करणारा तोच असतो. त्याला सर्व्हेच्या आधी अर्धा दिवस सोबत न्या, एवढं जरी ज्येष्ठांनी केलं तरी पुष्कळ.

खड्डेपुराण
ते सगळं ठीक. चेंबरची झाकणं उघडून फोटो कोण काढणार, तेवढं बीओक्यूमध्ये लिहा.