परत करायचं पुस्तक

तालुक्याच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलामागे मी सत्तावीस वर्षं बसले. निवृत्तीआधीचं शेवटचं काम होतं जीर्ण पुस्तकं बाद करण्याचं. पुस्तक हातात घ्यायचं, दाखल नोंदवहीत त्याचा अंक शोधायचा, शेऱ्याच्या रकान्यात ‘बाद’ लिहायचं आणि पुस्तक पोत्यात. तिसऱ्या दिवशी तांबड्या कापडी बांधणीची एक कादंबरी हाती आली. पाठीवर पांढऱ्या शाईत ८९१.४६३, म्हणजे मराठी कथा-कादंबरी. मागच्या पानावर तारखांच्या चार चिठ्ठ्या एकीवर एक डकवलेल्या. खळ वाळून गेली होती, म्हणून खालच्या चिठ्ठ्या अलगद सुटल्या. पहिला शिक्का १९६८चा, शेवटचा १९९७चा. एकोणतीस वर्षांत ते पुस्तक दीडशेवर घरांत जाऊन आलं होतं. कुठल्याशा पानावर हळदीचं बोट, एका पानात रेशनच्या दुकानाची पावती. आमचा ठरलेल्या पानावरचा शिक्का मात्र कालच मारल्यासारखा. ते पोत्यात टाकायला हात होईना. रीतसर पैसे भरून घरी आणलं.

तेव्हापासून वाटतंय की आपण स्वतःच्या संग्रहाबद्दल भरपूर बोलतो, पण आपल्यातल्या बहुतेकांना वाचायची गोडी लावली ती परत करायच्या पुस्तकांनी. मुदत संपायच्या आत संपवायचं, म्हणून कंदिलाखाली, जिन्यात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून वाचलेल्या पुस्तकांनी. म्हणून विचारते: तुमच्या घरी येऊन परत गेलेलं पुस्तक कोणतं? नाव आठवत नसलं तरी चालेल. परीक्षण नको. ते घरात कसं आलं, कुणी आणलं, आणि गेलं तेव्हा काय झालं, एवढंच लिहा.

लालबाग, मुंबई

१९८२ साली मी सातवीत होतो. वडील गिरणीत साचेखात्यात. १८ जानेवारीला संप सुरू झाला आणि दोन-तीन महिन्यांत घरातलं एकेक भांडं जायला लागलं. चाळीच्या तळमजल्यावर मंडळाचं वाचनालय होतं. एक खोली, तीन कपाटं, बाकावर पेपर. मार्चपासून वर्गणी थकली. वडिलांना उधारी ठाऊक नव्हती, त्यांनी खाली जाणंच सोडलं. आठवड्याभराने वाचनालय सांभाळणारे काका, तेही संपातलेच, दोन पुस्तकं घेऊन वर आले. म्हणाले, “भाऊ, कपाटात पडून राहिली की कसर लागते. तेवढी हलती ठेवा.” वर्गणीचा विषय त्यांनी काढला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

त्या वर्षी वडील रात्री मोठ्याने वाचायला लागले. आधी पाळ्यांमुळे जमायचं नाही. दहा बाय बाराची खोली, आम्ही सात जण, दाराशी शेजारच्या दोन काकू. वडील ओळीखालून बोट सरकवत वाचायचे. जोडाक्षर अडलं की थांबायचे, ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून बघायचे, मग मोठ्याने. आम्ही सगळे त्या एका अक्षरासाठी थांबून राहायचो. पुस्तक आलं की पहिल्यांदा त्याला पेपराचं कव्हर चढायचं. परत करताना ते काढून, घडी घालून पुढच्या पुस्तकासाठी ठेवायचे.

संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि वडील पुन्हा गिरणीत गेले नाहीत. मी प्रूफं तपासून संसार केला. आजही माझं बोट ओळीखालून सरकतं.

सिंधुदुर्ग

आमच्याकडे रात्री साडेआठला मुक्कामाची एसटी यायची आणि सकाळी सहाला परत तालुक्याला जायची. वाचनालयाचं कार्ड आजीच्या नावावर, कारण घरात पैसे तिच्या हातात. तिला स्वतःला अक्षर वाचता येत नव्हतं. मी चिठ्ठीवर नावं लिहायची, वाचलेलं पुस्तक आणि चिठ्ठी पिशवीत घालून सकाळी कंडक्टरमामांकडे द्यायची. रात्री पिशवी परत. मामांची ड्युटी बदलली की जाताना ते नवीन मामांना सांगून जायचे, “त्या फणसाकडच्या घरातली पिशवी असते हां.” अशी आठ वर्षं चालली.

एकदा मी दिलेल्या यादीतलं एकही पुस्तक जागेवर नव्हतं. मामांनी आपल्या मनाने एक प्रवासवर्णन आणलं. त्यात मी पहिल्यांदा बर्फ वाचला. गुडघाभर बर्फात चालताना आवाज कसा होतो, ते वाचून मी अंगणात पेंढ्याच्या ढिगावरून चालून पाहिलं.

पावसात घाटात दरड कोसळली की एसटी बंद. पुस्तक घरात अडकायचं. मग ते दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाचायचं. तेवढी माझी चैन.

मराठवाडा

वरची दोन्ही मनोगतं वाचून बरं वाटलं. माझी गोष्ट वेगळी आहे, तीही इथे असावी.

आमच्या गावच्या वाचनालयावर ‘सर्वांसाठी खुले’ अशी पाटी होती. सभासद व्हायच्या अर्जावर दोन जुन्या सभासदांच्या सह्या लागत. मी आठवीत होतो. वडिलांना घेऊन पाच घरं फिरलो. कुणीही नाही म्हटलं नाही. “उद्या या.” “चष्मा सापडेना.” “आधी त्यांची घेऊन या, मग मी करतो.” एक जण तर चांगले बोलले, वडिलांना शेतीचं विचारलं, ओट्याखाली उभं करूनच. आम्ही कुठल्या वस्तीवरून आलो होतो, हे सगळ्यांना माहीत होतं. तो कोरा अर्ज वर्षभर माझ्या भूगोलाच्या पुस्तकात होता. पुस्तक पुढच्या वर्षी धाकट्या भावाकडे गेलं तेव्हा त्याच्याबरोबर गेला.

पुढे औरंगाबादला शिकायला गेलो. नागसेनवनात, मिलिंद महाविद्यालयात. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली काढलेलं. ओळखपत्र दाखवलं, चिठ्ठी दिली आणि खिडकीतल्या माणसाने पुस्तक पुढे केलं. कुणाची सही विचारली नाही. पुस्तक छातीशी धरून मी बाहेर झाडाखाली बराच वेळ उभा होतो. उघडलं ते रात्री वसतिगृहात.

नोकरी लागल्यावर वडिलांना दादरला राजगृह दाखवायला नेलं. बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी बांधलेलं घर, असं सांगितलं. ते फाटकाबाहेर चपला काढून उभे राहिले.

गावच्या त्या वाचनालयाचा मी आता आजीव सभासद आहे. दर वर्षी जूनमध्ये आठ दिवस जाऊन बसतो. जो पोरगा, जी पोरगी अर्ज घेऊन येईल, तिच्या अर्जावर मी सही करतो. दुसरी सही माझा भाऊ करतो.

(ज्यांनी विचारलं त्यांच्याकडून)

हे वाचून काल काही लिहिता आलं नाही. आमच्याकडेही ओळखीच्या सभासदाची सही लागायची. पुस्तकं बुडू नयेत म्हणून केलेला नियम, असं मी मानत आले आणि सत्तावीस वर्षं ती सही मागत आले. अर्ज नेलेली किती मुलं परत आलीच नाहीत, हे मी एकदाही मोजलं नाही. त्याची नोंदवही आमच्याकडे नव्हती.

बडोदा

आम्ही चार पिढ्या बडोदेकर. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून घेतलं आणि संस्थानात फुकट वाचनालयांचं जाळं उभं केलं, खेड्यांत पेट्यांतून पुस्तकं जायची, हे आजोबांकडून शंभरदा ऐकलंय. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मी त्यांचंच बोट धरून गेले. तिथे पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, जाड काचेची, उजेड खालपर्यंत पोचावा म्हणून. खाली उभं राहून वर बघितलं की कुणाची तरी पावलं सरकताना दिसायची, एका कपाटापाशी थांबायची, पुन्हा पुढे जायची. मी पुस्तक शोधायचं सोडून तेच बघत बसायची. कोण असेल, कशापाशी थांबलं असेल. कथा लिहायला मी तिथे सुरुवात केली असं म्हणते, तेव्हा मुलांना ते पटत नाही.

डिचोली, गोवा

१९६१ नंतर गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यांतल्या एका शाळेत माझी आई शिकली. आमच्या घराण्यात वाचता येणारी पहिली बाई. बोलायची कोकणी, वाचायची मराठी, आणि दोन्ही तिला आपलीच वाटायची. शेजारणींना वाचून दाखवताना मधेच कोकणीत सांगायची, आणि पुन्हा मराठी ओळीवर यायची. शिवणीचा सांधा दिसू नये, तसं. मी पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून तिच्यासाठी पुस्तकं आणायचो. ते १८३२ सालचं आहे, सांगितलं तेव्हा म्हणाली, “म्हणजे आपल्याला उशीर झाला.”

दुबई

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमातली पेटी आमच्या ओळखीच्या कुटुंबाकडे आली होती. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या घरी चपलांचा ढीग. माझ्या मुलाला मराठी अक्षरं जुळवत वाचावी लागतात. त्याने पेटीतलं सगळ्यात पातळ पुस्तक उचललं आणि तीन महिने ठेवून घेतलं. परत करायला निघालो तेव्हा म्हणाला, शेवटचं पान राहिलंय. गाडीत वाचलं त्याने, सिग्नलला सिग्नलला.

सोलापूर

अकरा वर्षं मी दिवाळी अंकांना कथा पाठवत होते. मे-जूनमध्ये फुलस्केपवर एका बाजूने लिहून काढायची, सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं. पोस्टमनच्या हातात आपलंच अक्षर दिसलं की पाकीट उघडायची गरज नसायची. ‘साभार परत’. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून किती जणांनी आपलंच अक्षर असं परत घेतलं असेल.

लिहायला शिकले मी वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेतून. वेगळी वर्गणी भरायची आणि उन्हाळ्यापर्यंत पाळीपाळीने अंक घरी न्यायचे. आवडलेली कथा मी वहीत उतरवून काढायची, पूर्ण, स्वल्पविरामासकट. नुसतं वाचताना न दिसलेलं उतरवताना दिसतं. कुठे लेखकाने ‘तो म्हणाला’ गाळलंय, कुठे वाक्य अर्धं सोडलंय. हाताला ते कळतं.

बाराव्या वर्षी माझी कथा छापून आली. फार मोठा अंक नव्हता. मानधन आलं नाही, लेखकप्रतही आली नाही. मी आमच्या वाचनालयात नंबर लावला. माझ्याआधी पाच जण होते, म्हणून तो अंक माझ्या हाती पडायला जानेवारी उजाडला. घरी येऊन, हात धुऊन, पान उघडलं. कथेच्या तिसऱ्या पानावर समासात पेन्सिलीने, बारीक, सुबक अक्षरात लिहिलं होतं: “शेवट इथेच कळला.”

रात्रभर झोप नाही. पाच जणांतलं कोण असेल? सकाळी ते पान पुन्हा काढलं. त्या ओळीत मी सासूच्या तोंडी एक वाक्य घातलं होतं, मला फार आवडलेलं. ते झाकून पुढे वाचून पाहिलं. खरंच, ते वाक्य नसतं तर शेवट कळला नसता. पुढे कथा संग्रहात घेताना मी ते वाक्य काढलं. एवढं नीट मला कुठल्याच संपादकाने सांगितलं नव्हतं. पुस्तकावर लिहू नये हे मान्य. ती अक्षरं मी खोडली नाहीत.

(ज्यांनी विचारलं त्यांच्याकडून)

समासात लिहिणाऱ्यांना मी आयुष्यभर रागावले. खोडरबर माझ्या खणात कायम असायचं. आता वाटतं, खोडायच्या आधी वाचून तरी घ्यायला हवं होतं.

पुणे

मला जन्मापासून दिसत नाही. कॉलेजात असताना वसतिगृहातला एक मित्र मला वाचून दाखवायचा. अभ्यासाची पुस्तकं ब्रेलमध्ये किंवा कॅसेटवर कशीबशी मिळायची, पण कादंबरी कोण वाचून दाखवणार? तो वाचायचा. जेवण झालं की गच्चीच्या जिन्यावर, रोज वीसेक पानं. त्याचा आवाज विदर्भातला. कादंबरीतली माणसं कोल्हापूरकडची होती, पण माझ्या कानात ती सगळी अमरावतीचीच झाली.

पुस्तक वाचनालयाचं. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली. तिसऱ्यांदा गेला तर पुढे कुणीतरी नंबर लावून ठेवलेला. चाळीस पानं राहिली होती. “परत मिळालं की पुरं करू,” म्हणाला. त्याच महिन्यात त्याच्या वडिलांचं दुखणं निघालं, तो गावी गेला आणि शिक्षण तिथेच थांबलं.

शेवट मला कुणीही सांगितला असता. मी विचारला नाही. बारा-तेरा वर्षांनी ती कादंबरी ध्वनिमुद्रित झाल्याचं कळलं, लगेच मिळवली. वाचणारा उत्तम होता, उच्चार स्वच्छ, कोल्हापूरचा हेल अगदी बरोबर. पण ती माणसं मला ओळखूच येईनात.

गेल्या दिवाळीत मित्राचा फोन नंबर मिळाला. तासभर बोललो, मुलंबाळं, शेती, सगळं. ठेवता ठेवता त्याने विचारलं, “ते पुस्तक पुरं झालं का रे तुझं?” मी म्हटलं, नाही. त्याने आता तिथल्या वाचनालयात नंबर लावलाय. एकशे शहाण्णव पानापासून पुढे वाचायचंय, पान त्याला पाठ आहे.