प्राग एका दिवसात, आई-बाबांसोबत: गाईड घ्यावा का?

एल्बेकाठी:
नमस्कार मंडळी. आम्ही ड्रेस्डेनला असतो. आई-बाबा पुण्याहून आलेत. येत्या शनिवारी त्यांना प्राग दाखवायचंय, सकाळी जाऊन रात्री परत. आईचे गुडघे दुखतात. बाबा प्रत्येक पाटी वाचल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. दोघं शाकाहारी. बसवाल्यांची गाईडसह सहल घ्यावी की आपलं आपण जावं?

खडूस_प्रवासी:
बस नको! आम्हाला प्रागमध्ये जेमतेम चार तास मिळाले, त्यातला एक काचेच्या दुकानात गेला. किल्ला बाहेरूनच. रेल्वेने जा, अडीच तासांच्या आत-बाहेर लागतात. जाताना डावीकडची खिडकी धरा, एल्बे नदी बराच वेळ सोबत असते. पासपोर्ट जवळ ठेवा, कधीकधी गाडीत तपासतात.

व्ल्तावाची_वहिनी:
नऊ वर्षं प्रागमध्ये आहे, म्हणून सांगते. गाईड घ्या, पण फक्त किल्ल्यापुरता, दोन-तीन तासांसाठी आणि स्वतःचा वेगळा. तिथे सांगणारं कुणी नसेल तर नुसत्या भिंती दिसतात. जुन्या राजवाड्यातली ती खिडकी बाबांना दाखवायला सांगा. 1618 मध्ये तिथून दोन राज्यपाल आणि त्यांचा चिटणीस खाली फेकले गेले. तिघंही वाचले, पण त्यातून तीस वर्षांचं युद्ध पेटलं! शेजारच्या व्लादिस्लाव दालनात घोड्यांवरून द्वंद्वं व्हायची, त्यासाठी घोडे चढतील असा जिनाच बांधलाय.

चढ टाळायला मालोस्त्रान्स्का मेट्रोपासून 22 नंबरची ट्राम धरा आणि 'प्राझ्स्की ह्राद' थांब्यावर उतरा. सगळे 'येताना चालत या' म्हणतात, ते ऐकू नका. दगडी फरसबंदीचा उतार गुडघ्यांना चढापेक्षा जास्त छळतो. खालीही ट्रामनेच या.

आणि शनिवार कशाला? ज्यू वस्तीतली सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनामंदिरं) आणि जुनं दफनस्थान शनिवारी बंद असतात. रविवार बघा.

एल्बेकाठी:
वहिनी, खूप आभार. बाबांना पंचांगाचं भारी वेड, प्रागच्या त्या जुन्या खगोलीय घड्याळाबद्दल सारखं विचारतायत. आणि ते 'फुकट' वॉकिंग टूर कसे?

व्ल्तावाची_वहिनी:
फुकट नावालाच, शेवटी टिप द्यावी लागतेच. शिवाय घोळका कुणासाठी थांबत नाही, आईंची पंचाईत होईल.

घड्याळ 1410 चं. दर तासाला येशूच्या प्रेषितांच्या मूर्ती फिरतात, पण तो खेळ मिनिटभरात संपतो. खरी मजा तबकडीत आहे: सूर्य कोणत्या राशीत, चंद्राची कला कोणती, शिवाय सूर्यास्तापासून मोजलेले जुने चेक तास. म्हणजे पंचांगच की! घड्याळजीचे डोळे फोडल्याची गोष्ट तिथे हमखास ऐकवतात. आपल्याकडे ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची सांगतात ना, त्याच जातीची ती.

खडूस_प्रवासी:
पैशांचं राहिलं. तिथे युरो नाही, कोरुना चालतो. रस्त्यात कुणी नोटा बदलून देतो म्हणालं तर सरळ पुढे चालायला लागा. खायला 'स्माझेनी सीर', म्हणजे तळलेलं चीज आणि सोबत बटाटे. भाज्यांचं सूप मात्र विचारूनच घ्या, बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असतं.

कोबीची_भाजी:
रविवार ठरवत असाल तर थांबा! किल्ल्यातलं सेंट व्हायटस कॅथेड्रल (मोठं चर्च) रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे पर्यटकांना बंद असतं, दुपारी 12 नंतर उघडतं. 1344 ला सुरू होऊन 1929 ला पुरं झालेलं बांधकाम, ते चुकवू नका.

व्ल्तावाची_वहिनी:
अगं हो, विसरलेच! मग सकाळी ज्यू वस्ती आणि घड्याळ, जेवण, आणि गाईडला दुपारी दीडला ट्रामच्या थांब्यावर बोलवा.

एल्बेकाठी:
रविवारची तिकिटं काढली. बाबा आत्तापासूनच वही घेऊन बसलेत.