मदत हवी आहे : पाचवीची शिष्यवृत्ती आणि चुकणारी वर्तुळे

सप्रेम नमस्कार. नागपुरात मानेवाड्याकडच्या एका वस्तीतील समाजभवनात मी रोज संध्याकाळी पाचवीच्या अकरा मुलांचा शिष्यवृत्ती परीक्षेचा अभ्यास घेते. प्रत्येक पेपरला ७५ प्रश्न, १५० गुण आणि दीड तास, हे गणित मुलांना तोंडपाठ आहे. मात्र पेपर सोडवायला बसल्यावर ते कोलमडते.

माझी मुख्य अडचण उत्तरपत्रिकेची आहे. परवाच्या सरावात एका मुलीने १९वा प्रश्न सोडला, पण २०व्याचे उत्तर १९च्या ओळीत रंगवले आणि तिथून पुढची सगळी वर्तुळे एकेक घर वर सरकली. उत्तरे बरोबर होती. पेनाने रंगवलेले वर्तुळ खोडता येत नाही, हे कळल्यावर ती रडायलाच लागली. दर पाच प्रश्नांनी क्रमांक ताडून पाहण्याची सवय लावावी, की आधी प्रश्नपत्रिकेवर खुणा करून मग वर्तुळे रंगवावीत? दुसऱ्या पद्धतीत वेळ पुरत नाही, असा माझा अनुभव आहे.

दुसरे असे, की बुद्धिमत्ता चाचणीतील आरशातील घड्याळ काही केल्या समजत नाही. ११:६० मधून वेळ वजा करण्याची युक्ती (३:४० चे ८:२०) मुले यंत्रवत वापरतात, आणि नेमके पाण्यातील प्रतिबिंब विचारले की तिथेही तीच लावतात. म्हणून मी घरचा आरसाच नेला. त्यात घड्याळ कमी आणि भांग जास्त पाहिले गेले!

ज्या शिक्षकांनी पाचवीचे वर्ग घेतले आहेत, त्यांनी कृपया आपली पद्धत सविस्तर कळवावी.