जाळीचं जाकीट आणि घोट्याची पट्टी

रत्नागिरीत रोज सायकलने कामावर जाताना भडक पोपटी रेनजॅकेट घालावं का, असा प्रश्न आहे. माझं मत, नको. आपल्याकडे हवाच इतकी दमट की घाम उडत नाही. मग लेबलवर ‘ब्रीदेबल’ (घामाची वाफ बाहेर सोडणारं) लिहिलेलं असो वा नसो, कुवारबावहून मारुती मंदिरला पोचेपर्यंत आतून चिंब. त्यापेक्षा पातळ पॉलिस्टरचा टी-शर्ट आणि वर रस्त्यावरचे कामगार घालतात तसलं जाळीचं जाकीट. वारा आरपार जातो. पाऊस आलाच तर भिजायचं, कोरडे कपडे पिशवीत.

रंगाचं म्हणाल तर जुलैत आजूबाजूला सगळं हिरवंगार, त्यात पोपटी मिसळून जातो. केशरी उठून दिसतो. पण हे दिवसापुरतंच हं. असला भडक फ्लुरोसंट रंग उन्हातल्या अतिनील किरणांवर चमकतो, ढगाळ हवेतही चालतो, अंधारात मात्र त्याचा उपयोग शून्य. तिथे कामाला येते ती चंदेरी पट्टी. ती हेडलाइटचा उजेड आला तिकडेच परत पाठवते. पाठीवर सॅक असेल तर जाकिटावरची पट्टी झाकली जाते, तेव्हा एक सॅकवरही शिवून घ्या.

आणि घोट्यांना तसल्याच चंदेरी पट्ट्या बांधाच. पेडल मारताना त्या वरखाली होतात, मागच्या ट्रकवाल्याला लगेच कळतं की पुढे माणूस आहे. त्या स्वस्तही असतात.

जाकीट धुताना सॉफ्टनर नको, वाळवायचं सावलीत. उन्हाने रंग विटतो.