डेव्हिड गेमेल : ड्रेनायची 11 पुस्तकं, सुरुवात कुठून?

घाटमाथा:
तलवारी-कुऱ्हाडीची फँटसी वाचायची आहे, पण दहा खंडांचं एकच लांबलेलं कथानक नको. गेमेलचं नाव वारंवार दिसतं. ड्रेनाय मालिकेचा क्रम मात्र प्रत्येक यादीत वेगळा. प्रकाशनाचा क्रम धरावा की कथेतला काळ? आणि अकराच्या अकरा वाचायलाच हवीत का?

चकोर:
डोळे मिटून प्रकाशनक्रम. 'लेजंड' (1984), 'द किंग बियॉन्ड द गेट' (1985), 'वेलँडर' (1986). प्रत्येक गोष्ट बहुतांशी स्वतंत्र आहे, त्यामुळे तीन वाचून थांबलात तरी काही अडत नाही.
कालक्रमाच्या याद्या 'वेलँडर'पासून सुरू होतात, तिथवर ठीक. घोळ होतो 'द लेजंड ऑफ डेथवॉकर'पाशी (1996). यातल्या घटना जुन्या म्हणून यादीवाले ते 'लेजंड'च्या आधी टाकतात. पण ड्रस हा म्हातारा योद्धा ती गोष्ट सांगतो 'लेजंड'मधल्याच किल्ल्याच्या वेढ्यात! तो वेढा आधी वाचलेला नसेल तर अर्धी मजा गेली. 'व्हाइट वुल्फ' (2003) आणि 'द स्वोर्ड्स ऑफ नाइट अँड डे' (2004) ही जोडी मात्र लागोपाठच वाचा.

बुरूज_नंबर_सात:
चकोर यांच्याशी सहमत. 'लेजंड'बद्दल थोडं. 1976 साली गेमेलला कर्करोगाची शंका होती, तेव्हा याचा पहिला खर्डा झाला. किल्ला म्हणजे तो स्वतः, वेढा म्हणजे आजार. शेवट त्याने मोकळा ठेवला होता, निदान काय येतं ते बघून ठरवायचं म्हणून. कर्करोग नव्हता.
ड्रॉस डेलनॉख या किल्ल्याला एकामागे एक सहा तट आहेत आणि त्यांची नावं नीट बघा: एल्डिबार म्हणजे उल्हास, मुसिफ निराशा, कानिया पुन्हा आलेली आशा, सुमिटोस अगतिकता, वाल्टेरी शांती, गेडन मृत्यू. एकेक तट सोडत मागे सरकणाऱ्या माणसाच्या मनाचा तो नकाशाच आहे. साठीतला, गुडघे कुरकुरणारा ड्रस त्यात उभा राहतो म्हणून पुस्तक चालतं. प्रेमप्रकरण घाईत उरकलंय आणि शेवटी जादू जरा जास्तच कामाला येते. पहिलं पुस्तक आहे, तेवढं चालवून घ्या.

जुनी_प्रत:
जुन्या प्रती घेताना जपून. 'लेजंड'ची पहिली अमेरिकन आवृत्ती 'अगेन्स्ट द होर्ड' नावाने आली होती. 'वेलँडर 2' तिकडे 'इन द रेल्म ऑफ द वुल्फ' झालं. 'वुल्फ इन शॅडो' आणि 'द जेरुसलेम मॅन' हेही एकच पुस्तक (ते ड्रेनाय नाही, जॉन शॅनोची मालिका). शीर्षकावर न जाता मलपृष्ठ वाचून मगच पैसे द्या.

घाटमाथा:
धन्यवाद मंडळी. मग 'लेजंड' नक्की. जादू अगदीच कमी असलेलं काही आहे का त्याचं?

चकोर:
ट्रॉयची त्रयी. 'लॉर्ड ऑफ द सिल्व्हर बो' (2005), 'शील्ड ऑफ थंडर' (2006), 'फॉल ऑफ किंग्ज' (2007). जुलै 2006 मध्ये तो गेला तेव्हा तिसरं अर्धवट होतं, ते पत्नी स्टेला गेमेल यांनी पुरं केलं. इथे मात्र एकसंध कथानक आहे, मधलं उचलू नका. होमर (ट्रॉयच्या युद्धावरच्या महाकाव्याचा ग्रीक कवी) माहीत नसला तरी अडत नाही. माहीत असेल तर ओडिसियस थापा कुठे मारतोय ते ओळखायला मजा येते.